वातड

पहिल्या दिवशी मी चौकोन काढले.
चौकोनातून बाण, बाणावर अट,
प्रत्येक अटीला एक चकचकीत इंग्रजी नाव.
सुपडू मिस्तरींनी पडद्याकडे पाहिलं
परगावच्या सोयऱ्याकडे पाहावं तसं,
आदरानं, आणि जरा लांबून.
बत्तीस वर्षं जळगावच्या एमआयडीसीत
तुरीच्या रोलरशेजारी उभा राहिलेला माणूस
घरीसुद्धा ओरडूनच बोलतो म्हणे.
"याले कान कोठे शेत?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, थट्टा.
मग ते रोलरकडे पाठ करून उभे राहिले
आणि तिकडे न बघता म्हणाले, पट्टा ढिला झालाय.
झाला होता.

मी एक खाना ठेवला होता: ओलावा,
टक्क्यांत, दशांशचिन्हानंतर दोन घरं.
त्यांनी चार पोत्यांतून चार मुठी काढल्या.
ही ओली.
ही सादळलेली.
ही वातड.
ही खडखडीत, कानाशी हलवा, वाजते.
ओलीला ऊन, सादळलेलीला नुसतं वारं,
वातडीला आधी दाताखाली धरायचं
आणि मग ठरवायचं, घाई करायची नाही.
उलट यंत्र थांबवायला माझ्याकडे सात शब्द होते,
सातांचे सात वेगळे अर्थ, तक्त्यासकट.
मिस्तरींकडे एकच: हात वर.

रात्री लॉजवर पंखा गरम हवा ढवळत होता.
मी खोडत बसले.
भाषा करायला आले होते, आणि काम होतं
भाषा काढून घेण्याचं,
माझी, त्यांच्या वाटेतून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका बोटानं टाइप केलं:
दाय वातड.
खाली लाल रेघ.
तीच रेघ. चाळीसगावला चौथीत
माझ्या वहीत बाईंनी ओढलेली,
"दाय नाही, डाळ. पाच वेळा लिही."
मी लिहिलं होतं. इतकं नीट लिहिलं
की आता फोनवर आई "दाय शिजी ऱ्हायनी" म्हणाली
की माझ्या डोक्यात आपोआप दुरुस्ती होते.
आणि ही रेघ ओढणारी आता मीच.
चहा यायच्या आत सुधारलं:
दाय, दाळ, डाळ, तिघींचं घर एक.
मिस्तरींना रेघ गेलेली दिसली.
का गेली ते विचारलं नाही.

चुकीचे निरोपही बदलले मग.
"ओळ नऊ, अनपेक्षित चिन्ह" याच्या जागी
"तेल दिलं, पण ढीग किती रात्री ठेवायचा ते राहिलं."
हे वाचून ते स्वतःशीच हसले. "राहिलंच की."

तिसऱ्या दिवशी मी खुर्चीवरून उठले,
त्यांनी सगळं एकट्यानं लिहिलं:

फेर पहिला.
तेल दे. ढीग एक रात.
गच्चीवर ऊन.
वातड असनी तर आखो एक ऊन.
हिरकणबाई म्हनी तव्हय काढ.

चार ओळी यंत्राला पचल्या.
पाचवीशी अडलं.
हिरकणबाई म्हणजे कोण? संख्या? वेळ? अट?

मी जिना चढून वर गेले.
मे महिना, दुपारचे दोन,
गच्चीभर तूर, आणि एक बाई
पाय ओढत, तिच्यात तास पाडत चाललेली.
अट आहोत हे तिला ठाऊक नव्हतं.
कसं कळतं तुम्हाला, काढायची कधी?
ती थांबली नाही. "पाय सांगतस."

पायांसाठी सेन्सर मिळतो. मी किंमतही पाहिली.
मग तो कागद ठेवून दिला
आणि भाषेत एक शब्द घातला: विचार.
तो आला की यंत्र थांबतं,
जिचं नाव लिहिलंय तिला विचारतं,
आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहतं.

मिस्तरींनी ती ओळ परत लिहिली.
हिरकणबाईले विचार.
रेघ नाही, काही नाही.
बराच वेळ बघत राहिले, मग माझ्याकडे वळले,
पहिल्यांदाच न ओरडता:
"तिनी मजुरी वाढी का मंग?"

बोट कळीवरच होतं माझं.
खाली दुसरा फेर सुरू झाला.